घरातील वाद्ये आणि पावसाळ्याची हवा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या संमेलनात शिक्षण, विवाह, शिष्यवृत्त्या, वसतिगृह अशा महत्त्वाच्या विषयांवर आजवर पुष्कळ विचारविनिमय झाला आहे. त्या मानाने माझा आजचा विषय लहान वाटेल. आपल्या घरी असलेली लाकडी वाद्ये कशी राखावीत आणि दमट हवेपासून त्यांचे रक्षण कसे करावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. मी गवई नव्हे, आणि वाद्ये घडविणारा कारागीरही नव्हे. पस्तीस वर्षे शाळेत मुलांना हवा, पाणी व उष्णता ह्यांचे धडे शिकविले आणि सायंकाळी भजनात पेटीची साथ केली, एवढाच काय तो माझा अधिकार. परंतु ह्या दोन्ही गोष्टी ज्या ठिकाणी एकत्र येतात, तेथील चार व्यवहारोपयोगी गोष्टी आपल्यापुढे ठेवाव्यात असे वाटल्यावरून मी उभा आहे.

प्रथम एक प्रश्न विचारतो. आपल्या किती घरांत आजोबांची पेटी, आत्याबाईंचा तंबोरा, काकांचा तबला किंवा व्हायोलिन आहे? हात वर करण्याची आवश्यकता नाही. पुष्कळ घरांत आहे हे मला ठाऊक आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि नाट्यपदे घरोघर गुणगुणली जाऊ लागली. पुढे १९०१ साली पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, आणि गाणे शिकणे ही सभ्य गृहस्थाच्या मुलामुलींना शोभणारी गोष्ट आहे, हा विचार त्यांच्या शिष्यपरंपरेने दूरवर पोहोचविला. त्या लाटेत आपल्या आजोबा-पणजोबांनी पोटाला चिमटा घेऊन ही वाद्ये विकत घेतली. आज ती कोठे आहेत, हा माझा दुसरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी 'माळ्यावर' असेच येईल.

वाद्य जपण्यासाठीच ते माळ्यावर ठेवले, असे आपण म्हणतो. मला आज नेमके हेच सांगावयाचे आहे की, बंद करून ठेवणे ही वाद्य जपण्याची रीत नव्हे. ते का, हे समजण्यासाठी लाकूड आणि हवा ह्यांचा संबंध थोडा पाहिला पाहिजे.

श्रावण महिन्यात घराचे दार चौकटीत अडकते आणि मार्गशीर्षात तेच दार सहज लागते, हा अनुभव सर्वांनाच आहे. झाड तोडून शंभर वर्षे लोटली तरी लाकूड हवेतील बाष्प शोषून घेण्याचे व परत सोडण्याचे थांबत नाही. हवेत त्या तापमानाला जास्तीत जास्त जेवढे बाष्प सामावू शकते, त्याच्या शेकडा किती भाग प्रत्यक्षात आहे, ह्या प्रमाणास सापेक्ष आर्द्रता म्हणतात. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी राहते. ती ८० टक्क्यांवर गेली की हेच पाणी सुमारे १६ टक्के होते, आणि ९० टक्क्यांवर गेली की सुमारे २० टक्के. आपल्या कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० ते ९० टक्के असते. विदर्भात मे महिन्याच्या दुपारी ती २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. एकच तंबोरा ह्या दोन्ही हवा भोगतो, तेव्हा त्याच्या अंगात केवढी उलथापालथ होत असेल ह्याची कल्पना करावी.

लाकूड फुगते तेही सर्व बाजूंनी सारखे फुगत नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने त्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. रुंदीच्या दिशेने मात्र बराच पडतो. त्यातही झाडाच्या वाढीची जी वर्तुळे असतात, त्यांना धरून होणारी वाढ ही गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या वाढीच्या साधारण दुप्पट असते. एक फूट रुंदीची फळी हिवाळ्यातून पावसाळ्यात गेली, तर ती तीन-चार मिलिमीटर सहज फुगू शकते. दाराला हे चालते, कारण रंधा मारता येतो. वाद्याची फळी मात्र पातळ असते, चारी कडांनी सरसाने चिकटविलेली असते आणि वर तारांचा ताण असतो. तिला फुगावयास वा आकसावयास जागा मिळाली नाही की ती वाकते. वाकणे अशक्य झाले की चिरते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाद्य दमट हवेत काही महिने राहिले, तर बेसूर होईल, मंद वाजेल, परंतु बहुधा वाचेल. कोरड्या हवेतही ते सावकाश रुळेल. त्याचा घात होतो तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे झपाट्याने नेल्याने. म्हणून हवेतील फरक शक्य तितके लहान व सावकाश करणे हेच वाद्यरक्षणाचे सार आहे. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर उत्तम. आपल्याकडे पावसाळ्यात एवढे साधणार नाही. परंतु ६५-७०च्या आत ठेवता आली तरी पुष्कळ झाले, कारण त्याच्यावर आर्द्रता दीर्घकाळ राहिली की बुरशीचे राज्य सुरू होते.

आता एकेका वाद्याकडे वळू.

तंबोरा आणि सतार ह्यांचा मान पहिला. महाराष्ट्रात ह्या वाद्यांचे माहेर म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तेथे तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. पुढे मिरजेस स्थायिक झालेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, जे १९३७ साली निवर्तले, ते स्वतः वाद्यांची दुरुस्ती व जवारी ह्यांत निष्णात होते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपणा सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे. तंबोऱ्याचा भोपळा हा खरोखरीचा कडू भोपळा असतो. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस तो पिकतो. दांडी व तबली बहुधा तुणीच्या लाकडाची असते. म्हणजे एकाच वाद्यात फळाची साल आणि झाडाचे लाकूड असे दोन भिन्न स्वभावाचे पदार्थ सरसाने जोडलेले असतात. हवा बदलली की दोन्ही आपापल्या चालीने फुगतात वा आकसतात आणि सांध्यावर ताण येतो. सरस हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला असल्याने दीर्घकाळच्या ओलीने तोही नरम पडतो.

पावसाळ्यात तबली किंचित वर उचलली गेली की घोडीचा कोन बदलतो आणि कालपर्यंत गुंजणारी जवारी एकाएकी बंद पडते. अशा वेळी दोरा थोडा पुढेमागे सरकवून पाहावा. तेवढ्याने काम भागले नाही, तर हवा निवळेपर्यंत वाट पाहावी. घरच्या घरी कानस घेऊन घोडी घासण्याचा मोह मात्र कोणीही करू नये. जवारी काढणे ही कसबी कानाची व कसबी हाताची विद्या आहे. घासून गेलेली घोडी पुन्हा भरून येत नाही. खुंट्या दमट हवेत फुगून घट्ट बसतात व कोरड्या हवेत सुटतात. सुटणाऱ्या खुंटीला थोडी खडूची पूड लावावी. घट्ट खुंटीला ठोकू नये. वाद्य काही महिने वाजविले जाणार नसेल तर तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात. त्या अगदी काढून मात्र टाकू नयेत, कारण मग घोडी निसटते आणि ताणाची सवय असलेल्या तबलीचा तोल बिघडतो. तंबोरा भिंतीच्या कोपऱ्यात उभा टेकवून ठेवण्याची पद्धत सर्वस्वी वाईट. घसरला तर भोपळा फुटतो, आणि पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीची ओल थेट दांडीला लागते. तो मऊ गादीवर आडवा, भिंतीपासून निदान वीतभर दूर ठेवावा. गवसणी जाड सुती कापडाची असावी. प्लॅस्टिकची पिशवी घालून तोंड बांधणे म्हणजे ओल बाहेर ठेवणे नव्हे. आत शिरलेली ओल कोंडून ठेवणे होय.

हार्मोनियम अर्थात् आपली पेटी हिचा स्वभाव निराळा. तिच्यात सागवानाचे वा देवदाराचे लाकूड, पितळी सूर, पोलादी स्प्रिंगा, चामडे, कापड, पुठ्ठा आणि सरस असे सगळे नांदते. पावसाळ्यात पट्ट्या फुगतात व दाबलेली पट्टी वर येत नाही. लगेच कोणी तरी काचकागद घेऊन ती घासतो. पट्टी तात्पुरती चालू होते; परंतु हिवाळा आला की लाकूड आकसते आणि तीच पट्टी सैल होऊन खडखडू लागते. म्हणून पावसाळ्यात पट्टी घासू नये. पेटी दोन दिवस पंख्याखालच्या कोरड्या खोलीत ठेवावी; बहुतेक पट्ट्या आपोआप सुटतात. सुरावर धूळ बसली तर तोंडाने फुंकू नये, कारण आपला श्वास म्हणजे निव्वळ दमट हवा. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झाडावी. वाजवून झाल्यावर सर्व खटके बंद करून भाता मिटवावा. चामड्यावर बुरशी येते, कापडाला कसर लागते, आणि रिकामा भाता हे उंदराला मिळालेले आयते घर असते. ज्यांच्या घरी संगीत नाटकांच्या काळातील पायपेटी आहे, त्यांनी तिच्या पायाखाली लाकडी ठोकळे देऊन ती जमिनीपासून चार बोटे वर उचलून ठेवावी. वाळवी जमिनीतून येते, आणि ओलही तेथूनच येते.

तबला व पखवाज ह्यांचे खोड खैर, शिसव, बाभूळ अशा जड लाकडाचे असते. ते सहसा दगा देत नाही. दगा देते ती पुडी. कातडे दमट हवेत सैल होऊन सूर उतरतो. मग घाईघाईने ते शेगडीजवळ धरतात. त्याने कातडे एकदम आकसते, शाई तडकते, आणि कित्येकदा पुडीच फाटते. गट्टे ठोकून सूर चढवावा आणि मैफलीच्या आधी तबला त्या जागी अर्धा तास नुसता राहू द्यावा. मात्र पावसाळ्यात चढविलेला सूर कोरडी हवा येताच उतरवावयास विसरू नये. आकसणाऱ्या कातड्यावर आधीचाच ताण राहिला तर ते तडकते. शाईत लोखंडाच्या भुकटीबरोबर भाताची वा पिठाची खळ असते, म्हणून तिच्यावर बुरशी व किडे दोन्ही येतात. वाजवून झाल्यावर पुडीवरचा घाम कोरड्या मलमलीने टिपावा आणि कापडी गादी घालून झाकावे. पखवाजाच्या डाव्या अंगाची कणीक त्याच दिवशी काढून पुडी पुसलीच पाहिजे. भजन संपल्यावर सारे प्रसादाच्या नादात असतात, कणीक तशीच राहते आणि रात्री मुंग्या व उंदीर आपले भजन सुरू करतात.

व्हायोलिनविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण तिच्यात मोठे शहाणपण आहे. चांगला कारागीर व्हायोलिनची वरची फळी मुद्दाम फार घट्ट चिकटवीत नाही. हेतू हा की, हवेचा ताण असह्य झाला तर सरसाचा सांधा आधी उघडावा आणि लाकूड चिरू नये. उघडलेला सांधा कारागीर पुन्हा चिकटवितो. चिरलेली फळी मात्र पूर्ववत् होत नाही. म्हणून सांधा सुटलेला दिसला तर घाबरून जाऊ नये, आणि बाजारातल्या झटपट चिकटणाऱ्या द्रव्याने तो घरी चिकटवूही नये. तसे केल्यास ही सुरक्षेची वाटच बंद होते. बासरी बांबूची, म्हणजे गवतकुळीतील. वाजवून झाल्यावर ती आतून कोरड्या फडक्याने पुसावी आणि उन्हाळ्यात तेलाचा अगदी पुसट हात द्यावा, म्हणजे ती तडकत नाही.

आता घरात करावयाचे उपाय. पहिला उपाय मोजण्याचा. आर्द्रतामापक यंत्र आज फार महाग राहिलेले नाही. ज्या कपाटात वा खोलीत वाद्य आहे, तेथे एक ठेवावे. ते खरे सांगते की नाही, हे पाहण्याची युक्ती मुलांकडूनही करवून घेता येते. बाटलीच्या झाकणात शुद्ध मीठ घेऊन ते पाण्याच्या थोड्या थेंबांनी नुसते ओलसर करावे, आणि यंत्रासह घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा तास ठेवावे. डब्यात ७५ टक्के आर्द्रता होते. यंत्र जेवढे कमीअधिक दाखवील, तेवढी त्याची चूक समजावी. यंत्र नसेल तर स्वयंपाकघराकडे पाहावे. शुद्ध मीठ सुमारे ७५ टक्क्यांच्या वर विरघळू लागते. खडेमिठात इतर क्षार असल्याने त्याला त्याहूनही आधी पाणी सुटते. बरणीतील बारीक मिठाला पाणी सुटले, की तंबोऱ्याची विचारपूस करावयाची वेळ झाली असे खुशाल समजावे.

दुसरा उपाय जागेचा. बाहेरच्या भिंतीतील फडताळ, मोरीशेजारची खोली, खिडकीखालचा कोपरा आणि पत्र्याखालचा माळा ह्या चार जागा वर्ज्य. माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी असते आणि पावसाळ्यात ओल. म्हणजे जो झपाट्याचा फरक टाळावयाचा, तो तेथे पुरेपूर मिळतो. घराच्या मध्यावरील, माणसांचा वावर असलेली, आतल्या भिंतीची खोली सर्वांत चांगली. जेथे माणसाला बरे वाटते, तेथे वाद्यालाही बरे वाटते, हा साधा नियम पुरे आहे.

तिसरा उपाय ओल शोषणाऱ्या द्रव्याचा. सिलिका जेलचे खडे कापडी पिशवीत घालून वाद्याच्या पेटीत ठेवावेत. दमट हवेत ते आपल्या वजनाच्या सुमारे एक-तृतीयांश पाणी शोषतात आणि मग थकतात. रंग बदलणारे खडे घेतले की ते थकल्याचे कळते. निळे खडे ओल धरली की गुलाबी होतात. त्या निळ्या रंगात कोबाल्टचे विषारी क्षार असतात, म्हणून ते लहान मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. त्याऐवजी नारिंगी खडे मिळाले तर बरे. थकलेले खडे सुमारे १२० अंशांवर तापविले की पुन्हा कामाला लागतात. मात्र स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरू नयेत. पिशवी लाकडाला टेकू देऊ नये आणि पाऊस संपताच काढून घ्यावी, नाही तर हिवाळ्यात तीच लाकडाला फाजील कोरडे करील. पूर्वी कपाटात पंधरा-पंचवीस वॅटचा दिवा लावून ठेवीत. तो तारेचा दिवा होता व त्याची ऊब कामास येई. हल्लीच्या एल.ई.डी. दिव्याने प्रकाश पडेल, ऊब मिळणार नाही.

चौथा उपाय किडीविरुद्धचा. वाद्याखाली बारीक पीठ पडलेले दिसले आणि लाकडाला टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली, तर भुंगेरा आत शिरला आहे. ते वाद्य त्याच दिवशी इतर वाद्यांपासून वेगळे करून जाणकारास दाखवावे. रॉकेल शिंपडू नये. डांबराच्या गोळ्या पॉलिशला टेकल्यास ते खराब होते. कडुनिंबाचा पाला ठेवावयाचा असेल तर खडखडीत वाळलेला ठेवावा. ओला पाला म्हणजे आपणच नेऊन ठेवलेली ओल.

शेवटी उन्हाविषयी. पाऊस सरला की आपल्या घरातील माउल्या गाद्या, धान्य, पुस्तके अंगणात घालतात. त्या ओघात तंबोराही उन्हात ठेवला जातो. असे करू नये. चार महिने ओल प्यालेले लाकूड आश्विनातल्या कडक उन्हात दोन तासांत वरून आकसते आणि आतून फुगलेलेच राहते. ते चिरते ते अशाच दिवशी. वाद्याला ऊन नको, वारा हवा. सावलीत गवसणी काढून दिवसभर ठेवले की पुरे. हाच नियम वातानुकूलित खोलीला व मोटारीला. गार खोलीतून वाद्य एकदम पावसाळी हवेत काढले तर तारांवर व पॉलिशवर दव धरते, जसे गार पाण्याच्या पेल्यावर बाहेरून धरते. पेटी न उघडता अर्धा-पाऊण तास थांबावे, मग उघडावी. परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना ह्याच्या उलट संकट आहे. थंड देशांत हिवाळ्यात घरे तापवितात, तेव्हा आतील आर्द्रता २०-३० टक्क्यांवर येते. तेथे हवेत बाष्प सोडणारे यंत्र ठेवावे लागते. येथून नेलेली सतार पहिल्याच हिवाळ्यात चिरली, अशा हकिगती ऐकू येतात, त्याचे कारण हेच.

हे सारे नियम लक्षात कसे ठेवावेत? आपल्या पंचांगानेच त्याची सोय करून ठेवली आहे. मृग लागण्यापूर्वी एकदा वाद्य उघडून पुसावे, सांधे व खुंट्या पाहाव्यात, सिलिका जेल ठेवावे. श्रावणात सोमवार धरून आठवड्यातून एकदा उघडावे. खंडेनवमीस आपण शस्त्रांची व अवजारांची पूजा करतो आणि दसऱ्यास सरस्वतीची; त्या दिवशी वाद्यास हळदकुंकू वाहून परत गुंडाळण्याऐवजी त्याची नीट तपासणी करावी. हळदकुंकवाची पूड सांध्यात व तारांत जाऊ न देता समोर पाटावर वाहावी, देवता रागावणार नाही. होळीनंतर कोरड्या हवेसाठी पुन्हा एकदा पाहावे. वर्षात एवढे केले तर वाद्य पिढ्यान् पिढ्या टिकेल.

परंतु बंधुभगिनींनो, ह्या सर्व उपायांचा राजा अद्याप सांगावयाचा आहे. तो म्हणजे वाद्य वाजविणे. इटलीतील क्रेमोना गावी तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीची अमूल्य व्हायोलिने संग्रहालयात काचेच्या आत, मोजूनमापून ठेवलेल्या हवेत जपली आहेत. तेथेही ती नियमाने बाहेर काढून जाणत्या वादकाकडून वाजविली जातात. जगातील उत्तम यंत्रे हाताशी असताना त्या लोकांना असे का वाटावे? कारण रोज हाताळणाऱ्याच्या बोटांना जे कळते, ते यंत्राला कळत नाही. खुंटी किंचित फिरली, सांधा किंचित सुटला, तार किंचित गंजली, भात्यातून किंचित हवा गेली, हे वाजविणाऱ्यास त्याच दिवशी समजते आणि चार आण्यांचे काम चार आण्यांतच भागते. माळ्यावरील वाद्याचा सांधा ज्येष्ठात सुटतो आणि तो दिसतो दहा वर्षांनी, मुलीच्या लग्नाकरिता माळा झाडताना.

आता मी थोडे अप्रिय बोलणार आहे, त्याची क्षमा असावी. आपल्या पुष्कळ घरांत वाद्य न वाजविण्याचे कारण आळस हे नसून प्रेम हे आहे. 'बाबांचा हात लागलेली पेटी आहे, पोरांच्या हातात कशी द्यायची?' असे आपण म्हणतो. ही भावना थोर आहे, तिला मी हसत नाही. परंतु आपल्याच समाजातील एका शिकणाऱ्या मुलीची गोष्ट मला ठाऊक आहे. तिच्या घरी तंबोरा घेण्याची ऐपत नव्हती. ती मोबाइलवरील तंबोऱ्यावर रियाज करीत असे. तिच्याच आळीत एका घरी उत्तम मिरजी जोडी माळ्यावर होती. घरच्या मंडळींनी ती आठवण म्हणून कोणास दिली नाही. काही वर्षांनी गवसणी उघडली तेव्हा एका तंबोऱ्याचा भोपळा किड्यांनी चाळणीसारखा केला होता आणि दुसऱ्याची तबली उभी चिरली होती. आठवण राहिली नाही आणि विद्याही घडली नाही. दोष कोणाचा हे मी ठरवीत नाही. हानी मात्र आपणा सर्वांची झाली.

यंत्रातील तंबोरा सोयीचा आहे, त्याला माझा विरोध नाही. प्रवासात तो उपयोगी पडतो. परंतु चार तारांचा खरा तंबोरा मांडीशी घेऊन स्वतः जुळविताना मुलाचा कान जसा तयार होतो, तसा कळ दाबून होत नाही. शिवाय आपण वाद्ये वापरली नाहीत, दुरुस्तीस नेली नाहीत, तर मिरजेच्या कारागिरांच्या मुलांनी तरी कोणाच्या भरवशावर ती विद्या शिकावी? मानांकनाने मान मिळतो. भाकरी मिळते ती कामाने.

म्हणून माझी मंडळाला तीन नम्र विनंत्या आहेत. पहिली, आपल्या सभासदांच्या घरी असलेल्या वाद्यांची एक वही मंडळाने करावी. कोणते वाद्य, कोणाचे, कशा स्थितीत, एवढे तीत असावे. दुसरी, जे कुटुंब स्वखुशीने तयार असेल, त्याने आपले न वाजणारे वाद्य वर्षाच्या कराराने शिकणाऱ्या मुलास वा मुलीस वापरावयास द्यावे. मालकी कुटुंबाचीच राहावी. वाद्यावर आजोबांच्या नावाची लहानशी चिठ्ठी असावी. आणि दसऱ्यास त्या मुलाने ते वाद्य मालकाच्या घरी नेऊन एक पद वा एक गत वाजवून दाखवावी, हेच भाडे. तिसरी, दरवर्षी मृगापूर्वी एका रविवारी जाणत्या कारागिरास सभागृहात बोलवावे, सभासदांनी आपापली वाद्ये आणावीत, आणि दुरुस्तीचा खर्च ज्याचा त्याने द्यावा. ज्यांना तो झेपणार नाही त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती निधीतून थोडी तरतूद व्हावी.

मंडळाच्या स्वतःच्या मालकीची पेटी व तंबोऱ्याची जोडी ह्याच सभागृहाच्या माळ्यावर आहेत, हे जाता जाता चिटणीसांच्या कानावर घालतो. आरंभ तेथूनच करता येईल. चालू वर्षी तो झाला, तर माझ्या ह्या तासाभराच्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन.